‘तोडू’मधली नोकरी

इचोड्याच्या बाजारात, हायवेला लागून, एका बी-बियाणांच्या दुकानावर ती पाटी होती. वर तेलुगूत मोठी अक्षरं, आणि सरहद्दीवरच्या मराठी माणसांची सोय म्हणून खाली देवनागरीत लहान अक्षरं — ‘तोडू’. शेजारी जिन्याकडे बोट दाखवणारा एक लाल बाण.

डिसेंबरातली सकाळ होती. आदिलाबादकडची थंडी म्हणजे चेष्टा नाही. टपरीवरचे लोक ग्लास ओठांना कमी आणि गालांना जास्त लावत होते. कापसाचे ट्रक जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. मुधोळहून पहाटेची बस धरून आलेली वृषाली शालीत हात खुपसून त्या बाणाखाली उभी राहिली, एक मोठा श्वास घेतला, जिना चढायला लागली... आणि अडकली. मधल्या पायरीवर एक म्हातारी मांडी ठोकून बसली होती. तिच्यापुढे एक उंच तरुण अर्धा वाकून अजिजी करत होता.

“माय, ऊठ ना. लोकं खोळंबून राह्यले मागं.”

“खोळंबू दे. मी नाई येत. पाटी वाचली मी.”

“काय वाचलं?”

“तोडू म्हणून लिवलं हाये. लपवून नाई ठेवलं बिचाऱ्यांनी, सरळ लिवलं. काय तोडतेत ते पाहाले मी कायले जाऊ वर?”

“अवं, तेलुगू शब्द हाये तो! तोडू म्हंजे सोबत. संगत.”

“तेलुगूत असन सोबत,” म्हातारी म्हणाली. “मी तं मराठीत बिमार हाव ना?”

वृषालीला हसू आवरलं नाही. बसमध्ये चार तास पोटात धरून आणलेली भीती त्या एका हसण्याबरोबर अर्धी सांडली. तो तरुण वळला. चेहरा ओशाळलेला, डोळे मात्र तसे नव्हते. तिच्याकडे पाहिल्यावर ते जरा जास्तच वेळ तिथे राहिले.

“हासू नका, मॅडम. समजावून सांगा हिले. तुमी बी दाखवायलेच आल्या ना?”

‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण तिला वाटलं, आपण तरी काय वेगळ्या कारणाने इथे उभ्या आहोत?

“मी बी भिऊनच राह्यली, माय,” ती म्हणाली.

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तुले काय झालं, एवढ्याशा वयात?”

“अजून कळलं नाई. वर गेल्यावर कळन.”

“एकटीच आली?”

“हाव.”

झालं. म्हातारी, म्हणजे विठाबाई, गुडघ्यावर हात देऊन उठली. “एकट्या पोरीले वर पाठवतेत का कोणी? चाल, मी येते तुह्यासंगं.” आणि तिने वृषालीचा हात असा काही धरला, की कोण कुणाला घेऊन चाललं आहे हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

मागून पिशवी सावरत येणारा तो हळूच पुटपुटला, “दोन महिने मिनत्या केल्या मी... अन् तुमी एका शब्दात—”

“कोणत्या?”

“हाव,” तो म्हणाला. वृषालीच्या गालावर उगाच ऊन आल्यासारखं झालं, जिन्यात ऊन नसतानाही.

वर पोचल्याबरोबर भांडं फुटलं. डॉक्टर श्रीलता खुर्चीतून उठून दोन्ही हात पसरून आल्या. “आ गए, वृषाली! इधर बैठो, मेरे बाजू में.”

विठाबाईने हात सोडला. “म्हंजे तू डाक्टरीण हायेस?”

“डाक्टरीण नाई, माय. इथं लोकांचं ऐकून घ्यायची नोकरी हाये. घ्यावी का नाई, तेच पाहायला आली.”

“मंग खाली खोटं काऊन बोलल्या?” मुलाने विचारलं. त्याचं नाव संघपाल.

“खोटं कुठं? भिऊन राह्यली म्हटलं. अजून बी भिऊनच राह्यली.”

ते खरंच होतं. समाजकार्याची पदवी हातात घेऊन तिला सहा महिने झाले होते आणि हे तिच्या आयुष्यातलं पहिलंच बोलावणं. एका लहानशा संस्थेचं हे मनाच्या आजारांचं केंद्र. डॉक्टर श्रीलता आठवड्यातून दोनदा आदिलाबादहून यायच्या, औषधं लिहायच्या, जायच्या. बाकीचे दिवस सगळं त्या एका समुपदेशकावर. इचोड्यापासून पैनगंगेच्या काठापर्यंतची गावं, तिथली न झोपणारी, न बोलणारी, फार बोलणारी माणसं, त्यांना देवऋष्याकडे नेणारे नातेवाईक — आणि सगळ्यांपुढे एकटी वृषाली. आधी दोघीजणी येऊन गेल्या होत्या. दुसरी जाताना डॉक्टरांना म्हणाली होती, “लोक त्यांचं माझ्याकडे ठेवून जातात, मॅडम. मी कुठे ठेवू?” हे श्रीलतांनी वृषालीपासून लपवलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, “जल्दी नक्को. महिनाभर बैठो, देखो, फिर बोलो.”

मुधोळला बाबा म्हणत होते, वेड्यांच्यात कशाला, बँकेची परीक्षा दे. आई काहीच म्हणत नव्हती, आणि ते जास्त लागत होतं.

श्रीलतांनी विठाबाईला तेलुगूत विचारलं, काय होतं? विठाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “काई नाई. करमत नाई.”

संघपालने लगेच सफाईदार तेलुगूत सांगितलं, “पोद्दु पोवट्लेदु.”

म्हणजे वेळ जात नाही. श्रीलता लिहायला लागल्या. वृषालीच्या कानाला मात्र काहीतरी टोचलं.

“आधी कुठं दाखवलं होतं?” तिने विचारलं.

“एका डॉक्टरले दाखवलं. त्यायले बी हेच सांगतलं मी. ते म्हणले, वेळ जात नाई तं घरात टीव्ही घ्या. घेतला ना! एवढा मोठा!” त्याने हात पसरून दाखवला. “माय त्याच्यावर टॉवेल वाळू घालते.”

कुणीच हसलं नाही, कारण विठाबाई हसली नव्हती. वृषालीने डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, तशी ती खुर्ची ओढून विठाबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“माय, कोणाशिवाय करमत नाई?”

एवढा साधा प्रश्न. मराठी माणसाने मराठी माणसाला विचारायचा. पण तो कुणी विचारलाच नव्हता. विठाबाईने खिडकीवरची नजर तिच्याकडे वळवली.

“रेणुकाशिवाय,” ती म्हणाली.

संघपाल खुर्चीतून उठलाच. “मोठी माय?... माय, तुमी दोघी तं रोज भांडत व्हत्या! सारं गाव गोळा करत व्हत्या!”

“मंग? आता कोणासंगं भांडू?”

रेणुकाबाई म्हणजे विठाबाईची सवत. तिला मूल झालं नाही म्हणून घरात विठाबाई आली, आणि दोघींनी एका चुलीवर, एका नवऱ्यावर, एका लेकरावरून आयुष्यभर भांडण केलं. नवरा आधीच गेला. पुढे दोघीच उरल्या. कापसाच्या वेचणीला बरोबर, बाजाराला बरोबर, भांडायलाही बरोबर. मागच्या उन्हाळ्यात रेणुका गेली, तेव्हा आयाबाया आल्या आणि म्हणाल्या, सुटलीस बाई! मुलगा म्हणाला, आता गावात काय ठेवलंय, आणि गुडीहत्नूरला घेऊन आला. सवतीसाठी रडायची रीत नाही. पाठीवर हात कोण ठेवणार?

त्या दिवशी विठाबाई रडली. पोटभर रडली. वृषाली नुसती बसून राहिली, तिचा पदर तिच्याच हातात देत राहिली. श्रीलतांना मराठी येत नव्हती, पण पेन खाली ठेवून त्याही बसून राहिल्या.

बाहेरच्या बाकावर संघपाल डोकं धरून बसला होता.

“मी तेलुगूचा मास्तर हाव, मॅडम,” तो म्हणाला. “आठवीच्या पोरांले अनुवाद शिकवतो. अन् घरच्या मायचं एक वाक्य...”

“अनुवाद बरोबरच होता.”

“बरोबर असता तं टीव्ही काऊन आणला असता?”

“टीव्ही चांगला असन ना पण?”

त्याने मान वर केली. ती गंभीर होती, फक्त ओठांचा एक कोपरा दगा देत होता. तोही हसला मग, ओल्या डोळ्यांनी. वृषालीने नजर खाली वळवली आणि आपली चप्पल पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहिली.

महिना सुरू झाला. विमलबाई नावाच्या विधवा बाईंच्या घरामागची एक खोली वृषालीला भाड्याने मिळाली. दिवसा ठीक असायचं. दिवसा माणसं होती. एका बाईला विहीर हाका मारायची, एका पोराला शाळेच्या घंटेने घाम फुटायचा. वृषाली ऐकायची, श्रीलतांनी सांगितल्याप्रमाणे विचारायची, चुकायची, पुन्हा विचारायची. पण संध्याकाळी कुलूप उघडून आत गेली, की दिवसभर ऐकलेलं सगळं तिच्याआधी खोलीत येऊन बसलेलं असायचं. एकटीपुरता भात. एक ताट, एक वाटी. हायवेवरून नागपूरला जाणारे ट्रक, हैदराबादला जाणारे ट्रक, आणि इचोड्यात थांबणारं कुणीच नाही. घरी फोन केला, की तिकडे भांड्यांचा आवाज, भावाचं हसणं, आईचं ‘जेवलीस का?’ ‘हो’ म्हणून ती फोन ठेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. लोकांचं एकटेपण ऐकायची नोकरी करायची, तर आपलं आधी उतू जायला नको, असं तिला वाटायचं. आणि ते तर रोज उतू जात होतं.

गुरुवार मात्र वेगळा. गुरुवारी विठाबाई यायची. आता जिन्यात बसत नव्हती. रेणुकाने कसं मुद्दाम भाजीत मीठ जास्त घातलं होतं ते रंगवून सांगायची, सांगता सांगता थांबायची. आणि बाहेर, खालच्या टपरीवर, आल्याचा चहा पीत संघपाल थांबायचा. विठाबाई डॉक्टरांकडे आत गेली, की वृषाली खाली यायची. कधी कामाचं बोलायला. कधी उगाच.

मग एका शनिवारी तो टपरीवर एकटाच आला.

“माय कुठं हाये?” वृषालीने विचारलं.

“घरी. बरी हाये. टॉवेल वाळू घालून राह्यली.”

“मंग आज कोणाले दाखवायचं?”

“मलेच.” त्याने गळ्यातला मफलर काढला, पुन्हा गुंडाळला. “म्हंजे... तसं काई नाई. जेवण जाते. झोप येते. शाळेत शिकवता शिकवता मधीच फळ्यावर मराठी लिहून ठेवतो फक्त.”

“काय लिहिता?”

“ते पोरांनी पुसलं.”

“तुमी वाचलं नाई?”

“वाचलं,” तो म्हणाला आणि ग्लासात बघत राहिला. “तुमाले सांगाव का नाई, ते पाहून राह्यलो.”

टपरीवाल्याने न विचारता दुसरा चहा पुढे केला. थंडीत त्या दोन ग्लासांची वाफ एकमेकींत मिसळत होती, आणि दोघंही ती बघत नसल्यासारखं दाखवत होते.

तो बोलायला लागला, की फार खरं बोलायचा. शाळेत स्टाफरूमवाले त्याला ‘महाराष्ट्र सर’ म्हणत, त्याचा जन्म याच जिल्ह्यातला असूनही. गावी गेला, की गावकरी म्हणत, आला तेलुगूवाला. “दोन्हीकडं पाव्हणाच हाव मी,” तो म्हणाला होता. वृषालीने तेव्हा आपल्या खोलीबद्दल सांगितलं. कुलपाबद्दल, भिंतीबद्दल. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

“घ्यावी का नाई ही नोकरी?” तिने विचारलं.

“मले काय कळते त्यातलं? पण तुमी मायले तो प्रश्न विचारला ना... त्या दिवसापासून मी जेव्हा बी घाबरतो, तेव्हा वाटते, हिले विचारावं.”

त्या संध्याकाळी वृषालीने भात लावला आणि खाताना एकटीच हसली. आपण प्रेमात पडलो आहोत, हे तिने स्वतःशी चक्क मोठ्याने म्हटलं. विमलबाईंनी पलीकडून विचारलं, “काय म्हणलीस गं?” ती म्हणाली, “काई नाई, भात लागला!”

सोमवारी श्रीलतांनी दार लोटून घेतलं. त्यांच्या हिंदीत धार नव्हती, पण आडपडदाही नव्हता. “वो मास्टर अच्छा लड़का है. मैं देख रही हूँ. तुम अभी नौकरी में नहीं, तो मैं कुछ नहीं बोलती. लेकिन जॉइन किए, तो विठाबाई तुम्हारी पेशंट. पेशंट के घरवालों से रिश्ता नक्को. वो तुमको बेटे के वास्ते बात करेगी, या बेटे के वास्ते बात छुपाएगी. समझे?”

समजलं होतं. फार नीट समजलं होतं.

“दुसरी कोणी मराठी बोलणारी?” तिने तरी विचारलं.

“होती, तो तुमको मुधोळ से बुलाती मैं?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हे. नोकरी घेतली तर संघपाल गेला. तिच्या आयुष्यात ज्या एकाच माणसाला ती आपली भिंत दाखवू शकली होती, तो गेला. आणि नोकरी सोडली तर विठाबाईचं काय? त्या विहिरीवाल्या बाईचं काय? वृषालीने दोन दिवस कुणालाच फोन केला नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर तो आला. तिने सगळं सांगून टाकलं; चहा तसाच गार झाला.

“मायले नांदेडले नेतो मी,” तो म्हणाला. “तिथं मराठी डॉक्टर भेटतेत. मंग तुमी तिच्या कोणी नाई, अन्... मोकळ्या.”

“तिथं तिले पयल्यापासून सांगावं लागन. रेणुकाबाईचं, सवतीचं, सारं. एकदा सांगायले किती दिवस लागले तुमी पाहिलं ना?”

“पाहिलं.”

“मंग म्हणा, नोकरी घेऊ नको म्हणून. तुमी म्हटलं तं...” तिचा आवाज फाटला. “म्हणून तं पाहा.”

त्याने तोंड उघडलं. मिटलं. समोरून कापसाचा एक ट्रक गेला आणि दोघांच्यामध्ये पांढरे धागे तरंगत खाली आले. एक तिच्या केसांवर बसला. त्याचा हात उचलला गेला, अर्ध्यात थांबला, परत खिशात गेला.

“नाई निघत तोंडातून,” तो म्हणाला. “कोशिश केली मी. खरंच केली.”

तिने आपणच तो धागा काढला. त्या क्षणी तिला तो इतका आवडला, की रडू आलं.

गुरुवारी महिना संपत होता. श्रीलता विचारणार होत्या. वृषाली रात्रभर कूस बदलत राहिली होती, तरी उत्तर नव्हतं. डॉक्टर यायच्या आधी विठाबाई आली. नवं लुगडं, केसांना तेल, तोंडभर हसू.

“पोरी, मले आता करमते!” तिने आल्या आल्या जाहीर केलं. “एकदम बरी झाली मी. माहं नाव काढून टाक तुह्या यादीतून.”

“अरे वा. काय करता दिवसभर?”

“टीव्ही पाहते ना. मोठा हाये टीव्ही.”

“कोणतं पाहता?”

“ते... एक बाई हाये. तिची सासू हाये.” विठाबाई जरा थांबली. “रडतेत दोघी.”

“काऊन रडतेत?”

“ते अजून सांगतलं नाई त्यायनं.”

विठाबाईने हसू तसंच ठेवलं होतं, पण आल्यापासून तिने वृषालीचं मनगट धरलं होतं आणि बोटं सैल होत नव्हती. ती बोटं थंडगार होती.

“माय,” वृषाली हळूच म्हणाली. “तुमाले कोणी सांगतलं?”

“कोणी कायले सांगन? मले डोळे नाईत? पोरगा भाकर पुढं घेऊन बसते अन् गार करते.” हसू गळून पडलं. “हे पाय. मी एकीच्या संसारात घुसली व्हती. ती काई बोलली नाई, पण तिची जागा गेली ना? जन्मभर ते माह्या उरावर हाये. आता पोराच्या आडवी नाई येत मी. मी बरी हाव असं लिव, अन् तू त्याची हो. माहं काय... मी पाहीन टीव्ही.”

खाली दुकानात कुणीतरी बियाणांच्या पिशव्या आपटत होतं. वृषालीला हो म्हणायची इतकी इच्छा झाली, की तिने जीभ दाताखाली धरली. किती सोपं होतं. एक बाई म्हणतेय मी बरी आहे. आपण मान हलवायची. कुणी दोष दिला नसता. घर मिळालं असतं, माणूस मिळाला असता, संध्याकाळी कुलूप उघडावं लागलं नसतं.

पण ही बाई बरी नव्हती. आणि इथल्या माणसांपैकी ते फक्त वृषालीला ऐकू येत होतं.

“रेणुकाबाईची जागा तुमी घेतली असं तुमाले वाटते?” तिने विचारलं.

विठाबाईने तिचं मनगट सोडलं.

“हे तुमी मले आजवर सांगतलं नव्हतं.”

“कोणालेच नाई सांगतलं.”

“मंग पुढच्या गुरुवारी यायचं, माय. त्याच्या पुढच्या बी. हे आता कुठं सुरू झालं.”

“अन् माह्या पोराचं?”

“ते मी पाहते म्हणायला मले आता येत नाई,” वृषाली म्हणाली आणि डोळे पुसले. “आता मी तुमची हाव.”

श्रीलता आल्या तेव्हा तिने उभं राहूनच सांगितलं, मी येते आहे कामावर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रडलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि जास्त काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. मग विठाबाईला घेऊन त्या आत बसल्या.

वृषाली खाली गेली. संघपालने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. चहाचा ग्लास त्याने खाली ठेवला.

“घेतली?”

“घेतली.”

“बरं केलं,” तो म्हणाला. त्याचा आवाज बरोबर लागला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, “बरं केलं.”

“एक सांगून टाकते. यापुढं सांगता येणार नाई म्हणून.” तिने शाल घट्ट ओढली. “तुमी मले आवडता. मस्करी नाई. लय आवडता. रोज संध्याकाळी भिंतीले तुमचंच सांगत असते मी.”

त्याने डोळे मिटले. टपरीवाला पाठ फिरवून उगाच भांडी घासायला लागला.

“फळ्यावर तुमचं नाव लिहत व्हतो मी,” तो म्हणाला. “पोरं तेलुगूत वाचायची कोशिश करत.”

ती हसली, आणि हसता हसता तिला रडूही आलं. दोन्ही त्याच्यापुढेच झालं.

“आता चहा नाई,” ती म्हणाली. “शनिवार नाई. मायला घेऊन यायचं, तिकडं दुकानाच्या पलीकडं बसायचं. माह्याकडं पाहायचं बी नाई. तुमी पाहिलं तं मले काम जमणार नाई.”

“किती दिवस?”

“ते माय ठरवन. तिले घाई नाई करू देणार मी. अन् तुमी थांबा, असं म्हणायचा मले हक बी नाई.”

“मी कुठं विचारलं?” संघपाल म्हणाला. “मी तं सांगून राह्यलो. थांबतो.”

“घरी पोरी पाहतेत ना तुमाले?”

“पाहू द्या. माह्या मायले करमल्याशिवाय लगन नाई, म्हणून सांगन. खोटं बी होणार नाई.”

दोघं तिथेच उभे राहिले. मग वरून विठाबाई उतरली, मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, वृषालीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच भांडण न काढता गप्प बसली.

आदिलाबादची बस आली. संघपालने मायला खिडकीशी बसवलं आणि तिच्या पलीकडे स्वतः बसला. वृषाली फूटपाथवर होती. त्याने समोर बघितलं. ड्रायव्हरच्या पाठीकडे, काचेकडे, कुठेही, पण तिच्याकडे नाही. तिने सांगितलेलं त्याने पहिल्याच मिनिटापासून पाळायला घेतलं होतं.

बस हलली. विठाबाईने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मग मुलाकडे एकदा वळून पाहिलं, तो अजून समोरच बघत होता, तशी तिने दुसरा हातही बाहेर काढला आणि दोन्ही हात हलवत राहिली.

वृषालीने दोन्ही हातांना उत्तर दिलं. बस वळणापलीकडे गेल्यावर तिने शालीच्या टोकाने तोंड पुसलं आणि वर गेली. बाकावर एक नवी बाई येऊन बसली होती, एकटीच. वृषालीने खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली.